तर्री वर, पाणी खाली

नालीची तक्रार मी केली होती, सिंधूताईंची नाही. हा साधा फरक मी नंदनवनातल्या आमच्या गल्लीत घरोघरी जाऊन समजावून सांगितला. उभा जन्म मी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवला आहे. ज्यांच्या बापांनीही आशा सोडली होती अशा पोरांच्या डोक्यात मी वस्तुमान आणि वजन यांतला फरक उतरवला. पण गल्लीच्या डोक्यात हा एवढासा फरक काही शिरला नाही. निवृत्त माणसाचं ऐकून घ्यायला लोक तयार असतात, ऐकायला नसतात.

झालं ते असं. गल्लीच्या तोंडाशी, टिनाच्या छपरीत, सिंधूताई बोरकरांचं पोह्यांचं दुकान आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे पोहे नुसते खात नाहीत, त्यांच्यावर तर्री ओततात. तर्री म्हणजे चण्याचा लालभडक झणझणीत रस्सा आणि त्याच्यावर बोटभर तरंगणारं तेल. पोहे हे आपलं निमित्त. ज्या तर्रीत तोंड दिसत नाही तिला आमच्याकडे वरण म्हणतात. सिंधूताईंच्या तर्रीत बघून तर भांगसुद्धा पाडता येतो.

आता हे तेल जातं कुठं? पोटात जातं ते जातं, उरलेलं भांडी घासताना नालीत जातं. नाली माझ्या फाटकासमोरच्या फरशीखाली अरुंद झाली आहे. तिथं तेल आणि साबण एकत्र येऊन जाडजूड साय धरतात आणि पाणी उलटं फिरून माझ्या अंगणात शिरतं. माझ्या मोगऱ्याच्या कुंड्यांना तर्रीचं पाणी लागलं तेव्हा मी मोबाईलवर तक्रार नोंदवली. 'नाली तुंबली आहे' एवढं लिहून भागलं असतं. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. मी आधी 'निरीक्षण' लिहिलं, मग 'अनुमान' लिहिलं, आणि फोटोवर बाण काढून प्रवाहाची दिशा दाखवली. बाणाच्या मागच्या टोकाला सिंधूताईंच्या दुकानाची पाटी आली याला मी काय करणार? बाण सरळच काढावा लागतो.

तक्रारींवर काही होत नाही अशी ओरड करणाऱ्यांना मी आता उलट उदाहरण देऊ शकतो. आठवड्याच्या आत झोन ऑफिसची नोटीस आली, पण सिंधूताईंना. तेलकट सांडपाण्याची पंधरा दिवसांत व्यवस्था करा, नाहीतर दुकान बंद. खाली ठळक अक्षरांत 'तक्रारदार : श्री. प्रेमानंद गजभिये'. माझं नाव इतकं ठळक याआधी फक्त लग्नपत्रिकेत छापलं होतं.

त्यात दिवस होते दसऱ्याच्या तोंडावरचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गावोगावहून माणसं येतात. कोणी रेल्वेनं, कोणी एसटीनं, कोणी चालत. त्या दिवशी सिंधूताई पोहे विकत नाहीत, वाटतात. आधी त्यांचे सासरे वाटायचे, मग नवरा, नवरा गेल्यावर ताई. अख्खी गल्ली त्यांच्याकडे कांदे चिरायला बसते, मीही बसतो. नोटिशीची मुदत नेमकी त्या दिवसाच्या आधी संपत होती. म्हणजे ताईंचं पोट तर गेलंच, आणि इतक्या वर्षांचं वाटपही माझ्या बाणामुळे बंद पडणार.

माझी बायको पुष्पलता सिंधूताईंची जुनी मैत्रीण. तिनं नोटीस वाचली, घडी केली आणि माझ्यासमोर ठेवली.

"अजी, मोगऱ्याले दोन थेंब तेल लागलं तर मरत होता का मोगरा?"

"प्रश्न मोगऱ्याचा नाही, तत्त्वाचा आहे," मी म्हणालो.

"मंग आता तत्त्वच खा सकाळी," ती म्हणाली, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काही नव्हतं.

मी माफी मागायला सिंधूताईंकडे गेलो. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. "तुमची काही चूक नाही सर. तुम्ही शिकलेले आहा. तुमाले दिसते, आमाले नाही दिसत." हे बोलताना त्या कढईकडे बघत होत्या. त्या स्टुलावर मी बसू शकलो नाही. उभ्याउभ्याच मी बोलून गेलो की ताई, ही व्यवस्था मी करून देतो, तुम्ही काळजी करू नका. कशी करणार, हे मला तोवर सुचलेलं नव्हतं.

पहिल्यांदा मी झोन ऑफिसात तक्रार मागे घ्यायला गेलो. तिथल्या बाबूंनी मला समजावलं की तक्रार मागे घेता येत नाही, तिचं निराकरण होतं.

"मग मी आता काय करू?" मी विचारलं.

"या तक्रारीविरुद्ध तक्रार टाका."

"टाकतो."

"पण दोन्हीकडे तक्रारदार तुम्हीच, तर सिस्टीम घेणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी मला स्वच्छता निरीक्षक जितेंद्र ढोबळे साहेबांकडे पाठवलं. साहेब सभ्य निघाले. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की दुकानामागे जमिनीत एक हौदी बांधायची, तीत तेल अडतं. मी सांगितलं की त्या दुकानात ताई आत शिरल्या की गॅसचं सिलिंडर बाहेर ठेवावं लागतं, हौदी कुठं बांधणार? "काहीही करा," साहेब म्हणाले, "पण नालीत तेल दिसलं नाही पाहिजे. मुदतीच्या दिवशी मी स्वतः येतो."

गल्लीत तोवर सल्ल्यांना भरती आली होती. आमच्या शेजारचे शालिकराम भाऊ हे काटोलचे. जन्मभर संत्र्यांचा व्यापार केला, आता मुलाकडे राहतात. जगातल्या कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे संत्र्याची साल हा एकच उपाय आहे. डास झाले, साल जाळा. गुडघा दुखला, साल बांधा. "नालीत साली टाका गा सर, तेल कापते साल," असं म्हणून त्यांनी मला विचारायच्या आत टोपलीभर साली नालीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी माझं अंगण गुडघाभर पाण्यात होतं. पाण्याला वास मात्र छान येत होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

अशा वेळी रविवारी जेवायला मोनाली आली. मोनाली माझ्या बहिणीची मुलगी, रसायनशास्त्रात पीएचडी करते. कशात करते हे मी आजवर तिला विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर आपल्याला कळणार नाही अशी मला भीती होती. सगळी हकिगत ऐकून ती वांग्याच्या भाजीचा रस्सा बोटानं हलवत म्हणाली, "मामा, मी हेच तर करून राहिली ना. आमी कापडावर लेप देतो. थे कापड पाण्यानं ओलं झालं का तेलाले जवळ येऊ देत नाही. पाणी खाली जाते, तेल वर राहते."

"तेल वर, पाणी खाली, हे मीच तुला सातवीत शिकवलं," मी म्हणालो.

"हव मामा. पण तुमी तेल चमच्यानं काढत होते."

तिनं बॅगेतून तळहाताएवढा पांढरा तुकडा काढला, पेल्यावर रबरानं बांधला आणि पाण्यानं भिजवला. मग पुष्पलताच्या रश्शात पाणी मिसळून वरून ओतलं. पाणी टपटप खाली गेलं. तेल वर राहिलं, तेही गोल गोल गोळ्या होऊन, कापडाला न चिकटता. पेला तिरका केला तर गोळ्या घरंगळायच्या. पुष्पलतानं चष्मा लावून बघितलं आणि भाजीत आपण एवढं तेल घालतो हे काही मान्य केलं नाही. मी मात्र त्या क्षणी हा प्रकल्प हाती घेतला. मोनालीनं मला हाती घ्यायला सांगितलं नव्हतं, हेही खरं.

तिच्या सूचना सोप्या होत्या. साबण लावायच्या आधीचं, भांडी विसळलेलं पाणी गाळायचं. चणे-पोहे आधी चाळणीत अडवायचे. आणि मुख्य म्हणजे कापड आधी पाण्यानं चिंब भिजवायचं. "कोरड्या कापडाले तेल लागलं तर थे तेलाचं होऊन बसते मामा. मंग पाण्याले आत घेत नाही." हे वाक्य तिनं मला दोनदा ऐकवलं. ज्याला अख्खा वर्ग 'सर' म्हणायचा त्याला असं दोनदा ऐकवणं बरं नाही, पण मी मोठ्या मनानं ऐकून घेतलं.

लेपाची पावडर तिनं आणून दिली. ती झिंगे-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात आणि ती विरघळते व्हिनेगरसारख्या आंबट पाण्यात. ही माहिती मी शालिकराम भाऊंना उत्साहानं सांगितली, आणि तीच माझी चूक झाली. भाऊ माळकरी आहेत.

"म्हणजे कपडा मांसाहारी आहे?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"भाऊ, ते फक्त नालीच्या पाण्यासाठी आहे."

"तरी गा. त्याची हवा येईन ना आमच्याकडे."

"नालीचं पाणी कोणती एकादशी करून राहिलं भाऊ?" पुष्पलता आतून म्हणाली. हा तिचा माझ्या बाजूनं आलेला पहिला शब्द होता आणि मला एकदम बळ आलं.

मी बाजारातून जाड मांजरपाट आणलं. पुष्पलताचं उन्हाळ्यात पन्हं करायचं मोठं स्टीलचं पातेलं मी तिला न विचारता घेतलं आणि त्यात लेप ढवळला. तीन खोल्यांत असा आंबट वास सुटला की पोस्टमननं पत्र फाटकावरूनच फेकलं. कापड बुडवलं, पिळलं, वाळवलं, पुन्हा बुडवलं. मग मोनालीनं दिलेल्या दुसऱ्या औषधात बुडवून लेप पक्का केला. वाळल्यावर कापड असं ताठ झालं की मला अभिमान वाटला. मोनालीनं संध्याकाळी ते नखानं खरवडलं, तर लेप पापडासारखा सुटून आला.

"मामा, खळ काढली होती का कापडाची?"

नव्या मांजरपाटाला दुकानात दिसायला खळ दिलेली असते. ती उकळत्या पाण्यात धुऊन काढली नाही तर लेप धाग्याला धरतच नाही. खळ असते हे मला माहीत होतं. मला वाटलं, ताठपणा आहे, कामी येईल.

दुसरं कापड मी उकळलं, धुतलं, आणि लेप देऊन सामाईक गच्चीवर वाळत घातलं. खाली येऊन वर्तमानपत्र वाचलं. पुन्हा वर गेलो तर शालिकराम भाऊंनी माझ्या कापडावर संत्र्याच्या साली ओळीनं पसरून ठेवल्या होत्या.

"चांगला साफ कपडा दिसला गा, म्हटलं वाळू द्या," ते म्हणाले.

"भाऊ, तुम्हाला तर याची हवासुद्धा नको होती."

"थे हवेचं झालं. साली तर फेकाच्याच आहे ना."

संत्र्याच्या सालीत तेल असतं. साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात हा प्रयोग मी कितीतरी वर्षं वर्गात करून दाखवला आहे. त्यामुळे माझ्या कोरड्या कापडाचं काय झालं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी गच्चीच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. भाऊ शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, टेन्शन आलं असेल तर साल हुंगा.

तिसरं कापड निर्दोष उतरलं. मी ते गच्चीवर वाळत असताना शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. गल्लीतल्या लोकांना वाटलं, पुष्पलतानं मला घराबाहेर काढलं. जुन्या कूलरची एक खिडकी सोडवून, तिची जाळी काढून मी चौकट केली. त्यात कापड ताणून बसवलं आणि चौकट एका ड्रमवर ठेवली. मोनालीनं तपासून "जमलं" म्हटलं. एवढ्या एका शब्दासाठी मी तीन कापडं, एक पातेलं आणि शालिकराम भाऊंशी असलेले संबंध पणाला लावले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तो ड्रम सिंधूताईंच्या दुकानात नेऊन बसवला. मोनालीला सेमिनार होता, त्यामुळे समजावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. पृष्ठताण म्हणजे काय इथून सुरुवात केली. पाण्याचा रेणू, तेलाचा रेणू, त्यांचे स्वभाव, त्यांची आपसातली भांडणं, सगळं सांगितलं. सिंधूताई हात जोडून ऐकत होत्या. मध्येच दूध उतू गेलं तेव्हा त्या आत जाऊन आल्या, तरी मी थांबलो नाही. कापड आधी भिजवायचं हे वाक्य मी नेमकं त्या दुधाच्या वेळी बोललो असणार, असं आता वाटतं.

जाताना मी विचारलं, "समजलं ना ताई?"

"हव सर. नवी वस्तू आहे, जपूनच वापरीन."

मुदतीच्या सकाळी दुकानासमोर गल्ली जमली होती. ढोबळे साहेब पांढऱ्या बुटांत आले. मोनाली माझ्या शेजारी उभी होती, पुष्पलता सिंधूताईंच्या शेजारी, आणि शालिकराम भाऊ सगळ्यांच्या पुढे. मी छोटंसं प्रास्ताविक केलं. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, तेव्हा मी ते आवरलं आणि तर्रीच्या पातेल्याचं विसळलेलं पाणी चौकटीवर ओतलं.

पाणी वर थांबलं.

खाली काही जाईना. मी आणखी ओतलं, तेही वर थांबलं. कापड पखालीसारखं फुगलं. मग खालून एक थेंब पडला. सगळे वाकले. तो थेंब लाल होता, तेलाचा होता. आपला प्रयोग शब्दशः उलटा चालला आहे हे माझ्या लक्षात येतंय तोवर चौकट एका बाजूला कलली आणि वरचं सगळं तर्रीचं पाणी साहेबांच्या पांढऱ्या बुटांवर गेलं.

मोनालीनं कापड बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं.

"याले तेल कोणं लावलं?"

"मी," सिंधूताई म्हणाल्या. चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. "नव्या भांड्याले तेल पाजल्याशिवाय मी कामाले घेत नाही. तवा घ्या, कढई घ्या. रातभर मुरू द्यावं लागते. आन् सरनं एवढ्या मेहनतीनं बनवलं म्हणून मी फल्लीचं चांगलं तेल लावलं, रोजचं नाही."

मला काय वाटलं ते सांगतो. ज्या बाईचं दुकान माझ्यामुळे बंद व्हायला निघालं होतं, तिनं माझ्या वस्तूला आपल्या तव्याचा मान दिला होता. घरातलं सगळ्यात चांगलं शेंगदाण्याचं तेल काढून तिनं ते कापड हातानं माखलं होतं, आणि त्यानंच तिचं दुकान जात होतं. मी तिला रेणूंची सगळी भांडणं सांगितली आणि कामाचं एक वाक्य नीट सांगितलं नाही.

"मले संध्याकाळपर्यंत रिपोर्ट टाकावा लागते," ढोबळे साहेब बूट झटकत म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण कागद हातात होता. सिंधूताईंना आत्ता कुठं अंदाज आला. त्यांनी कधी नव्हे तो गॅस बंद केला. चालू दुकानात सकाळी गॅस बंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

"साहेब, एक तास द्या," मोनाली म्हणाली. "लेप पक्का आहे. लॅबमंधी आमी एकच कापड किती वेळा धुऊन वापरतो. तेल निघते."

"एक तास मी इथं काय करू?"

"बसा ना बाप्पा," पुष्पलता म्हणाली आणि तिनं स्टूल पुढे केलं.

मग गल्ली हलली. ज्या घरात गॅस होता त्या घरात पाणी तापायला लागलं. मोनालीनं सोडा आणि साबण मोजून घातला आणि कापड पुष्पलताच्या त्याच पातेल्यात उकळायला टाकलं. पुष्पलतानं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. शालिकराम भाऊ साली घेऊन आले होते, त्यांना पुष्पलतानं पातेल्यापासून हातभर लांब उभं केलं. मी कापड काठीनं ढवळत होतो. ढवळण्याच्या कामात व्याख्यानाला वाव नसतो, त्यामुळे ते चांगलं झालं.

इकडे सिंधूताईंनी गॅस पुन्हा पेटवला, कारण समोर माणूस उपाशी बसला होता. साहेबांनी सांगितलं की धंतोलीच्या डॉक्टरांनी त्यांचं तेल बंद केलं आहे, तर पोहे बिनातर्रीचे द्या. गल्लीनं सिंधूताईंकडे बघितलं.

"साहेब, दुकान बंद करायचं तर करा," सिंधूताई म्हणाल्या, "पण बिनातर्रीचे पोहे माह्या हातून कोणाले जाणार नाही."

साहेबांनी बराच विचार केला आणि "बरं, थोडीशी" म्हणाले. सिंधूताईंची थोडीशी म्हणजे पळी ताटलीच्या काठापर्यंत. साहेबांच्या कपाळावर घाम आला, कान लाल झाले, आणि त्यांनी दुसरी प्लेट मागितली. पोटात गेलेलं तेल नालीत जात नाही, असं मतही त्यांनी आपण होऊन मांडलं. शालिकराम भाऊंनी मोनालीला हळूच विचारलं की हे कापड घरी भाजीवर वापरता येईल का, त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं आहे. मोनाली म्हणाली, हे नालीसाठी आहे काका. भाऊ म्हणाले, मांसाहारीच आहे म्हणा तसंही.

धुतलेल्या कापडावर मोनालीनं पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब लगेच आत मुरला. तिनं माझ्याकडे तांब्या दिला. "मामा, तुमी भिजवा."

मी भिजवलं. असं भिजवलं की ड्रमचा तळ भरला. ते पाणी ओतून दिलं, चौकट बसवली, आणि सिंधूताईंनी स्वतः पातेलं रिकामं केलं. पाणी कापडावर पसरलं आणि खाली टपकायला लागलं. सावकाश टपकत होतं, पण टपकत होतं. पाण्याची पातळी उतरत गेली आणि कापडावर लालभडक तेल मागे राहिलं, हललं की इकडून तिकडे पळणारं. सिंधूताई वाकून बघतच राहिल्या. "एवढं जात होतं होय बाई रोज," त्या पुष्पलताला म्हणाल्या.

ढोबळे साहेबांनी खालच्या पाण्यात बोट घातलं. "पिवळं दिसते."

"ती हळद आहे," मी म्हणालो, आणि आता माझी पाळी आली. मी पोह्यांच्या प्लेटखालचा वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, एका टोकावर वरच्या तेलाचा थेंब टाकला, दुसऱ्या टोकावर खालच्या पाण्याचा, आणि कागद उन्हात धरला. थोड्या वेळानं पाण्याचा थेंब वाळून गेला. तेलाच्या डागातून मात्र पलीकडचा उजेड दिसत होता. सातवीचा प्रयोग. साहेबांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "सर, हे बरं आहे तुमचं."

मग त्यांनी मोबाईल काढला. "आता तक्रार बंद करतो. पण सिस्टीम तक्रारदाराचं समाधान विचारते. तक्रारदार तुम्हीच ना? समाधान झालं?"

गल्ली माझ्याकडे बघायला लागली. आता इथं माझा एक जुना स्वभाव आडवा आला. मी नोकरीत कधी कोणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी अक्षराचा अर्धा मार्क कापायचो. पाणी सावकाश टपकत होतं हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी असं बटन नाही. हो किंवा नाही."

पुष्पलतानं डोळे मिटले. सिंधूताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी एक प्लेट पोहे काढले, माझ्यापुढे ठेवले, तर्रीची पळी भरली आणि ती प्लेटवर तशीच धरून ठेवली.

"सांगा ना सर," त्या म्हणाल्या. "साहेब थांबून राहिले."

"हो," मी म्हणालो. "पूर्ण."

पळी उलटी झाली.

मी खात होतो तेव्हा त्यांनी पुढचं सांगून टाकलं. कापड रोज सकाळी पहिल्या भांड्याच्या आधी भिजवायचं आणि ते तुम्हीच भिजवायचं. "मी भिजवीन तं मले तेलच लावावं वाटते. सवय आहे हाताले." मी पोह्यांनी भरलेल्या तोंडानं मान डोलावली. गल्लीत माझी पत परत आली की मला पहाटेची बिनपगारी नोकरी लागली, याचा विचार मी घरी जाऊन करायचं ठरवलं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सकाळी सिंधूताईंचं वाटप सुरू झालं तेव्हा रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली होती. सगळीकडे पांढरे कपडे, गर्दी, कडेवर पोरं. पुष्पलता पळीवर होती. मी ड्रमजवळ स्टुलावर तांब्या घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक पातेलं माझ्या डोळ्यांखालून जात होतं. शालिकराम भाऊंनी सालींऐवजी अख्खी संत्री आणली होती, लहान मुलांना वाटायला. नांदेडकडून आलेला एक म्हातारा गृहस्थ प्लेट घेऊन माझ्याजवळ थांबला. मी कापडावर पाणी शिंपडत होतो, ते त्यानं बराच वेळ पाहिलं.

"हे कोण आहेत, बाई?" त्यानं सिंधूताईंना विचारलं.

मी सरसावून बसलो. निवृत्त विज्ञान शिक्षक, असं काहीतरी त्या सांगतील म्हणून वाट बघत होतो.

"हे आमचे तक्रारदार," सिंधूताई रांगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "यांचं समाधान झाल्याशिवाय आमचं पाणी नालीत जात नाही."

म्हाताऱ्यानं प्लेट डाव्या हातात घेतली, उजवा हात छातीशी नेला आणि मान लववली. "जय भीम, तक्रारदार साहेब."

निवृत्त झाल्यापासून मला कोणी हुद्द्यानं हाक मारली नव्हती. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "जय भीम."